मनोरीचा समुद्र आणि मराठवाड्याची तहान

मराठवाड्यात उन्हाळा लागला की एक उपाय हमखास ऐकू येतो. पारावर, बसस्थानकावर, प्रचारसभेच्या व्यासपीठावर आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातही तो तितक्याच आत्मविश्वासाने सांगितला जातो : समुद्रात एवढे पाणी आहे, ते गोड करा, प्रश्न मिटला! अलीकडे या उपायाला आणखी एक शेपूट जोडले जाते. मुंबईने समुद्राचे पाणी प्यावे, म्हणजे मुंबईसाठी अडवले जाणारे सह्याद्रीचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात वळवता येईल आणि लातूर, नांदेड, बीडची तहान भागेल, असा हा हिशेब आहे. लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या देवणी तालुक्यातील माणसाला हा हिशेब पटला, तर त्यात नवल नाही. ज्याच्या दारातील हंडे टँकरची वाट पाहत उभे असतात, त्याला पाणी कुठून आले हे विचारण्याची चैन परवडत नाही.

तरीही हा प्रश्न विचारला पाहिजे आणि तो मराठवाड्यानेच विचारला पाहिजे. कारण समुद्र गोड होत नसतो. त्यातले थोडे पाणी गोड होते आणि उरलेले अधिक खारट होऊन पुन्हा समुद्रातच जाते. ते कोणाच्या दारात ओतायचे, हे ठरवणे हा अभियांत्रिकीचा प्रश्न वाटत असला तरी मुळात तो न्यायाचा प्रश्न आहे. आणि आपल्या पाण्याचा निर्णय दुसऱ्यानेच कुठेतरी बसून घेणे म्हणजे काय, हे मराठवाड्याइतके कोणी भोगलेले नाही.

मनोरीचा प्रकल्प

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, मालाडजवळच्या मनोरी येथे समुद्राचे पाणी गोड करण्याचा प्रकल्प बृहन्मुंबई महापालिकेने हाती घेतला. आरंभी रोज २० कोटी लिटर आणि पुढे ४० कोटी लिटर गोडे पाणी मिळवण्याची ही योजना आहे. तिचा सविस्तर अहवाल तयार करण्यासाठी महापालिकेने २०२१ मध्ये इस्रायलच्या आयडीई या कंपनीशी करार केला. त्यानंतर निविदा, मुदतवाढ आणि खर्चाचे वाढते अंदाज असा या योजनेचा प्रवास झाला.

ही योजना पुढे आली त्याची पार्श्वभूमी लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईसाठी पालघर जिल्ह्यात गारगाई नदीवर धरण बांधायचे होते. त्यात तानसा अभयारण्याच्या परिसरातील काही लाख झाडे जाणार होती. त्यावर आक्षेप आला, धरण मागे ठेवले गेले आणि पर्याय म्हणून समुद्राकडे बोट दाखवण्यात आले. पुढे गारगाईचा विषय पुन्हा वर आला, हा भाग वेगळा. मुद्दा असा की, जमिनीवरचे जंगल डोळ्यांना दिसते, तुटलेल्या झाडाचे छायाचित्र वृत्तपत्रात छापता येते. समुद्राच्या तळाशी असलेल्या जीवसृष्टीचे छायाचित्र कोण छापणार? झाडे वाचवल्याचे समाधान मानून आपण न दिसणाऱ्या जंगलावर कुऱ्हाड चालवणार असू, तर त्याला पर्यावरणरक्षण म्हणता येणार नाही.

गोड पाण्याचा कडू हिशेब

या तंत्राचे कार्य थोडक्यात समजून घेऊ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी प्रचंड दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले की एका बाजूला गोडे पाणी येते आणि दुसऱ्या बाजूला जवळपास दुप्पट खारट झालेले पाणी उरते. शंभर लिटर पाणी घेतले तर साधारण ४० ते ४५ लिटर गोडे मिळते. म्हणजे मनोरीत रोज २० कोटी लिटर पिण्याचे पाणी मिळवायचे, तर रोज २५ ते ३० कोटी लिटर दाट खारे पाणी समुद्रात परत सोडावे लागेल. प्रकल्प दुप्पट झाला की हा आकडाही दुप्पट होईल.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ च्या अखेरीस जगभरातील अशा प्रकल्पांचा आढावा प्रसिद्ध केला. सुमारे १६ हजार प्रकल्प रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडे पाणी बनवतात आणि त्यासाठी १४ कोटी २० लाख घनमीटर खारवण बाहेर टाकतात, असे त्यातून दिसले. एक लिटर पाण्यामागे दीड लिटर खारवण, असे हे जागतिक प्रमाण आहे. त्यातील निम्म्याहून अधिक खारवण सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार या चार देशांचे आहे.

हे खारवण नुसते मिठाचे नसते. नळ्यांत शेवाळ व शिंपले धरू नयेत म्हणून वापरलेले क्लोरीन, पडद्यांवर थर बसू नये म्हणून मिसळलेली द्रव्ये आणि गाळ बसवण्यासाठी वापरलेले लोहक्षार यांचे अंशही त्यात राहू शकतात. दाट पाणी जड असते. ते नीट मिसळले नाही तर तळाशी बसते आणि चादरीसारखे पसरते. त्या चादरीखाली प्राणवायू कमी होतो. पोहणारा मासा दूर जाऊ शकतो; पण तिसऱ्या, कालवे, तळातील किडे आणि वनस्पती यांना पाय नसतात. भूमध्य समुद्रातील सागरी गवताची कुरणे वाढत्या खारटपणाने कोमेजतात, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे.

दुसरा घाव त्याहून अदृश्य आहे. रोज पन्नास कोटी लिटर समुद्र ओढून घेणारा पंप नुसते पाणी ओढत नाही. त्या पाण्यात माशांची अंडी असतात, नुकती फुटलेली पिल्ले असतात, कोळंबीचे आणि खेकड्यांचे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. मोठे मासे जाळीवर आदळून मरतात आणि लहान जीव आत ओढले जाऊन नष्ट होतात. आता विरोधाभास पाहा. माशांची वीण वाचावी म्हणून राज्य शासन पावसाळ्यात सुमारे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी करते. कोळी बांधव ती पाळतात, घरात चूल कशी पेटवायची याची चिंता करत पाळतात. मग बारा महिने, चोवीस तास अंडी आणि पिल्ले ओढणाऱ्या पंपाला कोणती बंदी आहे? २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले. राज्यमाशाचा सन्मान घोषणेने होतो की त्याच्या पिल्लांना जगू देण्याने?

अमृत कोणाला, हलाहल कोणाला?

मनोरी, गोराई, मार्वे, मढ या पट्ट्यात कोळी समाज पिढ्यान्पिढ्या राहतो. त्यांतील लहान होडीवाले खोल समुद्रात जात नाहीत. खाडीच्या मुखाशी आणि किनाऱ्याजवळ, भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल लावून बोंबील, जवळा, करंदी पकडायची आणि घरातल्या स्त्रियांनी ती बाजारात नेऊन विकायची, हे त्यांचे अर्थकारण. मुंबईच्या सांडपाण्याने खाड्या आधीच काळवंडल्या आहेत. भराव, पूल आणि बंदरे यांनी मासेमारीच्या जागा आकसल्या आहेत. त्यात आता हे नवे ओझे. कोळ्याच्या घरात मनोरीचे पाणी येईल की नाही, कोणी सांगू शकत नाही. मनोरीचे खारवण मात्र त्याच्या जाळ्याखाली नक्की येईल.

समुद्रमंथनाची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्या मंथनात अमृताच्या आधी हलाहल निघाले आणि ते सृष्टीला जाळू लागले. तेव्हा जो सर्वांत समर्थ होता, त्या महादेवाने ते कंठात धारण केले. आजच्या मंथनात क्रम तोच आहे, वाटप मात्र उलटे आहे. समर्थांना अमृत आणि दुर्बळांना हलाहल! ज्या वसाहतींत पाण्याचे दर कोणाला जाणवत नाहीत, तिथे नळ वाहतील आणि त्याची किंमत जवळा वाळवणारी कोळीण मोजील.

आपल्या राज्यपरंपरेत याचे उत्तर आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे. आरमार ही राज्याची केवढी निकड! तरीही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा दंडक तिथे आहे. राज्याची गरज मोठी असली म्हणून प्रजेच्या उपजीविकेवर पाय देण्याचा अधिकार राज्याला मिळत नाही, हे त्यामागील सूत्र आहे. समुद्र हा कोळ्याचा आंबा-फणस आहे. त्याला राजी कोणी केले? त्याचे मोल कोणी दिले?

कोयना वाहते समुद्राला

आता मराठवाड्याला दाखवल्या जाणाऱ्या आशेचा हिशेब करू. मनोरीतून रोज २० कोटी लिटर पाणी मिळाले तर वर्षाला ते ७.३ कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे २.६ टीएमसी होते. एकट्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठाच सुमारे १७.७ कोटी घनमीटर आहे. म्हणजे मनोरीचे वर्षभराचे सगळे पाणी एकत्र केले तरी मांजरा धरण निम्मेही भरत नाही. शिवाय हे पाणी मुंबईची वाढती मागणी गिळून टाकणार. त्यातून सह्याद्रीपलीकडे थेंबभर तरी सुटेल, असे लेखी आश्वासन कोणी दिले आहे काय?

आणि समुद्राचे गोड केलेले पाणीच देवणीपर्यंत आणायचे म्हटले, तर निसर्गाचे गणित आडवे येते. एक हजार लिटर पाणी गोड करायला तीन ते चार युनिट वीज लागते. तेच पाणी लातूरच्या पठारापर्यंत, सुमारे सहाशे मीटर उंचीवर चढवायला कोणतीही गळती न धरता आणखी १.६ युनिट लागतात. वाटेतला सह्याद्री आणि शेकडो किलोमीटरची नळवाहिनी यांचा खर्च यात धरलेलाच नाही. अशा पाण्याने पिण्याची गरज भागवणेसुद्धा दिवाळखोरीचे ठरेल, शेतीचे तर नावच नको.

याच्या उलट दुसरे चित्र पाहा. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवून वीज केली जाते. कृष्णा पाणीतंट्यात बचावत लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली. ही वीज महाराष्ट्राला हवीच होती आणि आजही हवी आहे. परंतु वीज झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीतून जाते कुठे? थोडे स्थानिक वापराला लागते आणि बहुतांश अरबी समुद्राला मिळते. ६७.५ टीएमसी म्हणजे दिवसाला सरासरी सव्वापाचशे कोटी लिटर. मुंबईचा रोजचा सगळा पुरवठा चारशे कोटी लिटरच्या आसपास आहे! गोडे पाणी समुद्रात सोडून वीज मिळवायची आणि तीच वीज जाळून समुद्रातून पुन्हा गोडे पाणी काढायचे, याला नियोजन म्हणायचे काय? वाशिष्ठीला मिळणारे हे पाणी वापरात आणण्याची चर्चा वर्षानुवर्षे होते आणि तिथेच थांबते. मोठ्या निविदेची घाई असते, हातातल्या पाण्याची नसते.

मुंबईच्या घरातही तीच उधळपट्टी आहे. गळती, चोरी आणि बेहिशेबी वापर यांत महापालिकेच्या पुरवठ्याचा पाव भाग किंवा त्याहून अधिक जातो. त्याचा अर्थ, रोज शंभर कोटी लिटरच्या घरात पाणी हिशेबाबाहेर आहे; एका मनोरीच्या पाचपट! सांडपाण्याचेही तसेच. सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची मिळून रोजची क्षमता २४६ कोटी लिटर असेल, असे नियोजन असून त्यांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. हे पाणी उद्योग, बांधकाम, उद्याने आणि शौचालये यांना देता आले, तर मनोरीची गरज किती उरते, हे आधी मोजले पाहिजे.

इस्रायलकडून काय घ्यायचे?

या प्रकल्पाच्या समर्थनार्थ इस्रायलचा दाखला दिला जातो. इस्रायलच्या जिद्दीबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि तो असलाच पाहिजे. पण त्या देशाने समुद्राकडे वळण्याआधी काय केले? नेगेवच्या वाळवंटात जिथे वर्षाला शंभर-दोनशे मिलीमीटर पाऊस पडतो, तिथे ठिबक सिंचन रुजवले. सांडपाण्याचा बहुतांश भाग शुद्ध करून शेतीला दिला. थेंबाचा हिशेब ठेवणारे कायदे केले आणि ते मोडणाऱ्याला माफ केले नाही. समुद्राचे पाणी हा त्यांचा शेवटचा उपाय होता. आपण त्यांचे यंत्र विकत घेणार आणि त्यांची काटकसर सीमाशुल्क नाक्यावरच ठेवून येणार, याला अनुकरणही म्हणता येत नाही.

या तंत्राला सरसकट नाकारावे, असे आमचे म्हणणे नाही. लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर २००५ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्राच्या तापमानातील फरक वापरून रोज एक लाख लिटर पाणी देणारा प्रकल्प उभा केला. जिथे दुसरे पाणीच नाही आणि गरज मर्यादित आहे, तिथे असे तंत्र वरदान ठरते. मोठे प्रकल्पही अधिक काळजीने उभारता येतात. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्रकल्पाच्या विजेची तजवीज पवनऊर्जेतून केली गेली आणि खारवण अनेक तोंडांच्या नळीतून फवारून लवकर मिसळेल अशी योजना झाली. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये नियम केला की, खारवण सोडल्यापासून शंभर मीटरच्या पलीकडे समुद्राचा खारटपणा नैसर्गिक पातळीपेक्षा लिटरला दोन ग्रॅमहून अधिक वाढता कामा नये. त्याच कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने मे २०२२ मध्ये हंटिंग्टन बीच येथील मोठा प्रकल्प एकमताने फेटाळला. त्यामागे समुद्री जीवांची हानी होती आणि गरीब ग्राहकांवर पडणारा वाढीव दरांचा बोजाही होता. दुष्काळ तिथेही होता. तरीही समुद्राची बाजू ऐकून घेतली गेली.

आपल्याकडे चेन्नईजवळ नेम्मेली येथे २०१३ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला. किनारा खचल्याच्या आणि मासळी घटल्याच्या तक्रारी तिथल्या मच्छीमारांनी वारंवार केल्या. त्या अनुभवातून मनोरीने शिकावे, एवढीच अपेक्षा आहे.

देवणीने काय मागावे?

मराठवाड्याने १२ एप्रिल २०१६ हा दिवस विसरू नये. त्या दिवशी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली जलदूत गाडी लातूरला पोहोचली. आधी दहा वाघिणींत पाच लाख लिटर आणि नंतर पन्नास वाघिणींत पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. मिरजेने दिलेल्या त्या पाण्याचे ऋण आपल्यावर आहे. पण त्याच जिल्ह्याचे दुसरे गणितही पाहिले पाहिजे. वर्षाला ७५० मिलीमीटर पाऊस धरला तरी एका हेक्टरवर ७५ लाख लिटर पाणी पडते. म्हणजे आपल्या प्रत्येक हेक्टरावर आभाळातून तीन जलदूत गाड्या उतरतात! आणि पाटपाण्यावर वाढवलेला हेक्टरभर ऊस सुमारे दोन कोटी लिटर पाणी, म्हणजे आठ गाड्या, पिऊन टाकतो. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांतील उसाबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. ज्यांना १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार देऊन जगाने गौरवले, त्या मराठी जलतज्ज्ञाचे आपल्याच राज्याने ऐकले नाही. उसाला हमखास दर आणि तुरीला बेभरवशाचा बाजार, अशी व्यवस्था ठेवून शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. दोष व्यवस्थेचा आहे, आणि ती बदलण्याऐवजी समुद्राकडे बोट दाखवणे सोपे आहे.

देवणीचे नाव देशभर झाले ते इथल्या गोवंशामुळे. गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या संकरातून पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीने हा वंश घडला. इथले ऊन, इथला चारा आणि इथली काळी जमीन यांना साजेसे तेच इथे टिकले, हे त्या पशुपालकांना कोणत्याही सल्लागार कंपनीने सांगितले नव्हते. पाण्याची योजनाही तशीच भूमीला साजेशी असली पाहिजे.

म्हणून मराठवाड्याने स्पष्ट भूमिका घ्यावी. कोकणातून गोदावरी खोऱ्यात पाणी वळवण्याचा आमचा हक्क आम्ही मागू आणि तो मागताना कोळ्याच्या समुद्राचा सौदा होऊ देणार नाही. मनोरीसाठी आमच्या मागण्या या : आधी गळती थांबवा आणि सांडपाण्याचा पुनर्वापर वाढवा. त्यानंतरही गरज उरली, तर समुद्राच्या सर्व ऋतूंतील जीवसृष्टीची नोंद कोळ्यांना बरोबर घेऊन करा. पाणी मंद वेगाने, बारीक जाळीतून किंवा तळाच्या वाळूखालून घ्या. खारवण खाडीच्या मुखाशी न सोडता खोल समुद्रात फवारा. खारटपणाची कठोर मर्यादा कायद्याने घाला आणि रोजची मोजणी मराठीतून जाहीर करा. प्रत्येक हजार लिटरच्या दरात मच्छीमारांचा कायमचा वाटा ठेवा आणि त्यांच्या सहकारी संस्थांच्या संमतीशिवाय काम सुरू करू नका.

आपल्या धर्माने गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले, त्यातील एक भूतयज्ञ आहे. स्वतः जेवण्यापूर्वी मुक्या जीवांचा वाटा काढून ठेवायचा, एवढाच त्याचा साधा अर्थ. समुद्रातून पाणी घेणाऱ्या शहराला हा नियम लागू होत नाही, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात गावोगावी पाणी परिषदा घ्याव्यात, आपल्या शिवारात पडणारे पाणी मोजावे, आपल्या गावचा ऊस मोजावा आणि शक्य झाल्यास एखाद्या कोळीवाड्यातील बांधवांना तिथे बोलावून त्यांचेही ऐकावे. पठारावरचा तहानलेला आणि किनाऱ्यावरचा नाडलेला एकमेकांविरुद्ध उभे केले गेले, तर पाणी दोघांनाही मिळणार नाही. ते एकत्र उभे राहिले, तर मंत्रालयाला दोघांनाही उत्तर द्यावे लागेल.